परड्यातली भेग

भूगोल शिकवणाऱ्या बाईने कुणाच्या घरी पाहुणी म्हणून जाऊ नये. लोक तोरण बघतात, रांगोळी बघतात आणि आपण उतार बघत बसतो. मी कोल्हापुरात तीस वर्षं भूगोल शिकवला. आता निवृत्त आहे, तरी ही खोड काही जात नाही. या वर्षी मी भुदरगडच्या डोंगरात एकाच घरी दोनदा जाऊन आले, एकदा फाल्गुनात आणि एकदा आषाढात. तिकडचा डोंगर, तिकडचं खाणं, माणसं, सगळं सांगते. पण आधीच सांगून ठेवते, या प्रवासात माझी स्वतःची फार शोभा झालेली नाही.

फाल्गुन, पहिला दिवस

शोभा माझी मावसबहीण, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आम्ही दोघी कोडोलीत वाढलो. घरामागे ऊस, ऊस संपला की दुसऱ्याचा ऊस, आणि जमीन अशी की गोटी टाकली तर जागची हलू नये. लग्न करून मी कोल्हापूर शहरात आले आणि शोभा गेली गारगोटीच्याही पलीकडे, झऱ्याच्या वाडीला. तिच्या नव्या घराची वास्तुशांत होती.

बिद्रीपर्यंत आमची एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत गेली. गारगोटी सोडली की माती तांबडी व्हायला लागते, शेतं लहान होत जातात आणि रस्ता एकदम वर उचलतो. शेवटचा टप्पा वडापचा, म्हणजे जीपमध्ये माणसं कोंबून न्यायची आमच्याकडची पद्धत. माझ्या मांडीवर कुणाची तरी केळफुलं होती, आणि ती कुणाची हे उतरेपर्यंत कळलं नाही.

वाडी बघितली आणि मला आधी आनंद झाला, मग शंका आली. उभ्या डोंगराच्या कुशीत मधेच एक ऐसपैस सपाटी, त्यावर वीसेक घरं, भाताची खाचरं, आणि बारमाही वाहणारा झरा. एवढ्या चढावर इतकी खोल माती आली कुठून? मान वर केली. वरच्या डोंगराला पळीने दही काढावं तसा गोल खळगा पडलेला होता. खाचरांमध्ये घराएवढे धोंडे, अर्धे मातीत रुतलेले. मुलांना मी हे फळ्यावर कितीदा काढून दाखवलं होतं. कधीकाळी, कुणाच्याच आठवणीत नसेल तेव्हा, वरचा डोंगर सुटून खाली येऊन बसला होता. त्या ढिगाऱ्याचीच ही सपाटी झाली, त्यातूनच पाणी पाझरून झरा झाला, आणि माणसांनी सपाटी आणि पाणी बघून घरं बांधली. दुसरीकडे बांधणार तरी कुठे? बाकी सगळा उतारच.

शोभाचं जुनं घर वाडीच्या मधोमध होतं. नवं घर मात्र अगदी कडेला, वरच्या डोंगराच्या पायथ्याला. तिचा नवरा तानाजी, त्यांना मी दाजी म्हणते. दाजींनी जेसीबी लावून डोंगराची कड दोन पुरुष उंच उभी कापली होती आणि घरामागे मोठं परडं काढलं होतं. "जागाच न्हवती, आक्का. तयार केली," असं त्यांनी छाती काढून सांगितलं. घर मात्र देखणं होतं. स्लॅबचं, पोपटी रंगाचं, आत चकचकीत फरशी.

आत होम चालू होता. धुराने डोळे चुरचुरले म्हणून मी मागच्या दाराने परड्यात गेले. परडं नुकतंच शेणाने सारवलेलं, बोटांचे अर्धवर्तुळाकार ठसे अजून ओले. पण कापलेल्या कडेजवळ एका पट्ट्यात शेण दाट होतं, आणि तो पट्टा वाकडा होत पार दुसऱ्या टोकापर्यंत गेला होता. मी चपलेच्या टोकाने दाबलं. शेण आत गेलं. वाकून अंगठा घातला, तोही गेला, पूर्ण. परडं या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलेलं होतं, म्हणजे कापलेला डोंगर सरकायला लागला होता.

अंगठा पदराला पुसून मी आत आले. आता सांगावं म्हणून तोंड उघडलं तर समोर शोभा उभी. नवी हिरवी साडी, कपाळभर कुंकू, डोळे धुराने आणि आनंदाने लाल. "आक्का, कसं हाय घर?" आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. होमात तूप पडत होतं. अशा वेळी घर पडेल असं कसं म्हणायचं? वास्तूच्या दिवशी कुणी शिंकलं तरी आमच्याकडे पाणी फिरवतात.

"छान आहे," मी म्हणाले. "फारच छान." आणि पंगतीत बसून कटाच्या आमटीबरोबर तीन पुरणपोळ्या खाल्ल्या.

फाल्गुन, दुसरा दिवस

दुपारी जेवून आडवी झाले होते तेवढ्यात कुणी तरी ओरडलं, "वणवा! वणवा आला!"

वरच्या खळग्याच्या काठावर एक पिवळी रेघ दिसत होती. बघता बघता ती वाकली आणि खाली यायला लागली. आग वर चढते असं आपण म्हणतो, पण वारा मागे असला की ती उतरतेही, आणि सुकलेल्या गवतातून चांगली धावत उतरते. फटफट फुटण्याचे आवाज, वरून गळणारी काळी राख, आणि माणसाच्या अंगावर येणारी ती झळ. मी नवीन घराच्या दारात उभी होते आणि मला वाटलं, आता हे घर गेलं.

दाजी, शेजारचे भिवा आबा आणि वाडीतली सगळी माणसं हिरव्या डहाळ्या घेऊन वर पळाली. आगीवर पाणी घालायचं नाही, एवढ्या चढावर पाणी नेणार कसं? ओल्या डहाळीने झोडपायचं. शोभा साडी खोचून त्यांच्यात होती. मी दोनदा झोडपलं आणि धुराने खोकत खाली बसले. कापलेल्या कडेच्या वर, अगदी तीस-चाळीस पावलांवर आग थांबली.

दाजी राखेने काळे होऊन खाली आले. भुवया जळल्या होत्या. त्यांनी लोटाभर ताक एका दमात पिऊन वर बघितलं. सगळा उतार काळा ठिक्कर पडलेला, कारवीची झुडपं बुडख्यापर्यंत गेलेली. आणि ते काय म्हणाले असतील? "घर वाचलं. आन आता गवत झ्याक येतंय बघा, आक्का."

मग कळलं, वणवा बहुतेक वेळा लागत नाही, लावतात. जुनं वाळकं गवत जाळलं की पावसात कोवळं लुसलुशीत येतं, म्हशी आवडीने खातात, दूध वाढतं. दाजीही दर वर्षी आपला तुकडा पेटवतात. माझा पारा चढला. मुळं जळतात, माती मोकळी होते, पहिल्या चार सरींत वाहून जाते, असं मी त्यांना अर्धा तास सुनावलं. ते मान डोलवत होते. "व्हय की," "खरं हाय की," असं म्हणत होते.

वणव्यावर मी अर्धा तास बोलले. परड्यातल्या भेगेवर एक शब्द बोलले नाही. संध्याकाळच्या वडापने परत आले.

आषाढ, सोमवार

आठ दिवस संततधार चालली होती. सकाळी शोभाचा फोन आला. "आक्का, झरा थांबलाय."

"थांबलाय म्हणजे?"

"थांबलाय म्हंजे आटलाय. एवढा पाऊस पडायलाय आन गोमुखातनं थेंब न्हाय. भिवा आबा म्हणत्यात, देवीचं काय तरी ऱ्हायलं. नारळ फोडायचा हाय."

ऐन आषाढात झरा आटत नाही. तो बंद झाला तर आतली वाट मोडली असं समजायचं. डोंगर आतून हलला आहे आणि पाणी आत साठत चाललं आहे. मी पिशवीत दोन लुगडी कोंबली आणि स्टँड गाठला.

वडापवाला गारगोटीतून निघायला तयार नव्हता. "बाई, वर दगडं पडायलीत. काय सोनं ठेवलंय का तितं?" मी म्हटलं, बहीण ठेवली आहे. त्याने गाडी काढली. रस्त्यात दोन ठिकाणी आम्ही उतरून दगड बाजूला केले. फाल्गुनातला काळा उतार आता हिरवागार होता, दाजी म्हणाले होते तस्सा. फक्त त्या हिरव्यात जागोजागी तांबडे ओरखडे होते.

शोभाने दारातच माझं डोकं पुसलं आणि चुलीपाशी बसवलं. नाचणीची गरम भाकरी, कुर्ल्यांचा झणझणीत रस्सा आणि भारंगीची कडसर भाजी. खेकड्यांना तिकडे कुर्ल्या म्हणतात आणि पावसाळ्यात त्या ओढ्यात हाताने धरतात. कोल्हापुरात असलं जेवण पैसे टाकून मिळत नाही. जेवता जेवता माझा पाय ओला झाला. फरशीच्या सांध्यातून पाणी वर येत होतं, गढूळ, बुडबुडत.

"उपळ फुटलाय," शोभा म्हणाली. "जुन्या घरात बी फुटायचा. पाट काढला की जातंय." जमिनीतून पाणी उमळणं तिकडे नवं नाही. जुन्या मातीच्या घरांत बायका चुलीमागून एक नाली काढून देतात आणि निवांत राहतात. पण ते पाणी निर्मळ असतं. हे तांबडं होतं.

मी छत्री घेऊन परड्यात गेले. तिथे आता गोठा उभा होता, नवा, पत्र्याचा. आत चार म्हशी. त्यांतली चंद्री व्यायला आलेली, पोट पार खाली उतरलेलं. गोठ्याच्या मागे ताडपत्री अंथरून कडेने दगड ठेवले होते. मी एक दगड सरकवला, ताडपत्री उचलली आणि भेगेत छत्री घातली. ती मुठीपर्यंत आत गेली.

शोभा मागे उभी होती. मी म्हटलं, "शोभे, मला फाल्गुनातच दिसली होती ही. मी बोलले नाही."

कोल्हापूरकडच्या बऱ्याच बायका पुरुषासारखं 'मी आलो, मी गेलो' बोलतात, शोभाही तशीच बोलते. "आक्का, मी तर तुझ्यासाठनंच सारवलो हुतो ती. म्हटलं, तुला दिसली तर तू बोलशील. आन ह्यांनी हितं ऱ्हायला यायचंच रद्द केलं असतं. वीस वर्सं त्या जुन्या घरात काढली गं मी."

मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्हीपैकी काही केलं नाही. म्हटलं, "उद्या सकाळी खालच्या गावच्या शाळेत जायचं. सगळ्यांनी."

मंगळवार

खालच्या गावात सपाटीवर शाळा आहे. पावसाळ्यात तिथे जाऊन राहा म्हणून वाडीला दर वर्षी नोटीस येते आणि लोक ती घेऊन फडताळात ठेवतात. या वेळी मी घरोघर फिरले. भिवा आबांना छत्रीची गोष्ट सांगितली. तंबाखू मळता मळता ते म्हणाले, "झरा माझ्या आज्यानं बी कवा आटलेला बघितला न्हवता. चला." दुपारपर्यंत वाडी शाळेत आली. वर्गात सतरंज्या पडल्या, बायकांनी व्हरांड्यात तीन दगडांची चूल मांडली, आणि मला वाटलं, झालं. जिंकलं.

पाच वाजले आणि एकेक पुरुष उठायला लागला. कुणी बादली घेतली, कुणी किटली. मला काही कळेना. शोभा म्हणाली, "धारंची वेळ झाली की."

माणसं शाळेत आणली होती, म्हशी वरच होत्या. दर वर्षी असंच करतात म्हणे. रात्री शाळेत झोपायचं आणि सकाळ-संध्याकाळ वर जाऊन धार काढून यायचं. म्हैस वेळेवर पिळली नाही तर आटते, आणि डेअरीची गाडी कुणासाठी थांबत नाही. जीव वाचवायला खाली आलेली माणसं दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी, जाऊन त्याच डोंगराखाली बसत होती. मी वाट अडवली, ओरडले. "आत्ता गेलो आन आलो," म्हणत सगळे निघून गेले. दाजी सगळ्यांत पुढे होते, चंद्रीचा दिवस भरला होता.

मी त्यांच्या मागे निघाले. या वयात, त्या चिखलात, कशी चढले ते मला आठवत नाही. वाडीच्या तोंडाशी विजेचा खांब घरांकडे वाकलेला होता, सकाळी तो सरळ होता. वरून एकेक खडा टपकत होता. आणि ओढा, ज्याच्या आवाजाने सकाळी कानठळ्या बसत होत्या, तो गप्प होता. म्हणजे वर माती सुटून त्याची वाट बुजली होती.

"ओढा बंद झालाय!" मी जीव खाऊन ओरडले. "भिवा आबा! ओढा!" ते बादली घेऊन जागीच थांबले, कान दिला, आणि बादली तिथेच टाकून बोंब मारली, "पळा रं! जनावरं सोडा आन पळा!" गोठ्यागोठ्यातून दावी कापली जाऊ लागली. म्हशी, माणसं, कोंबड्या, सगळं खाली धावत सुटलं.

दाजी दिसेनात. मी पोपटी घराला वळसा घालून मागे गेले. मागच्या दाराची चौकट पिळवटून दार अडकलं होतं. तीन म्हशी मोकळ्या होऊन मला घासून गेल्या. दाजी गोठ्यात गुडघ्यावर बसलेले. समोर चंद्री आडवी पडलेली, हुंकारत होती.

"दाजी, चला!"

"कळा सुरू झाल्यात. पाय दिसायलं, आक्का. पाच मिनटं."

"पाच मिनिटं नाहीत!"

"मुकं जनावर हाय, असं टाकून कसं यिऊ?" त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांचे दोन्ही हात त्या इवल्याशा खुरांवर होते. माझ्या पायाखालची जमीन हलली. थरथरली म्हणत नाही मी, हलली, चालत्या गाडीत उभं राहिल्यासारखी. मी मेहुण्याला कधी हात लावलेला नाही, आमच्यात तशी रीत नाही. त्या दिवशी मी त्यांची शर्टाची कॉलर मागून दोन्ही मुठींत धरली आणि ओढलं. "शोभाला मी काय सांगू? सांगा, काय सांगू तिला?"

ते उठले. एकदा चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला आणि उठले. आम्ही घराच्या पुढे आलो, खाचराच्या बांधावरून उडी मारली, मी पडले, त्यांनी मला दंडाला धरून फरफटत नेलं. मागे ट्रॉलीतून धोंडे ओतल्यासारखा आवाज झाला आणि तो थांबेचना. वळून बघितलं तेव्हा गोठा नव्हता. घराचा मागचा अर्धा भाग नव्हता. तांबडा चिखल पोपटी भिंतीला लागून हळूहळू पुढे सरकत होता, आणि पुढच्या दारावरचं तोरण जागच्या जागी होतं.

वाडीतली सगळी माणसं वाचली.

शुक्रवार

तीन दिवस दाजी कुणाशी बोलले नाहीत. शाळेच्या पायरीवर बसून डोंगराकडे बघायचे. शोभा त्यांच्यापुढे ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. अधिकारी आले, फोटो निघाले, वाडी आता खाली हलवायची असं बोलणं झालं. खाली म्हणजे कुठे, ते अजून ठरलेलं नाही.

शुक्रवारी पाऊस उघडला, रस्ता मोकळा झाला आणि मी निघाले. शोभा दारापर्यंत आली आणि रडत आत गेली. वडापपर्यंत पिशवी घेऊन दाजी आले. जीपपाशी येऊन थांबले आणि तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"आक्का, जिवाला लावून घिऊ नगा. भेग मला बी ठावं हुती. वास्तूच्या दिशी तुमी परड्यात गेलता, मी दारातनं बघत हुतो. म्हटलं, भूगोलाच्या बाई हायत्या, काय असलं तर बोलतील. तुमी आत आला आन छान हाय म्हणाला. मग मी बिनघोर झालो. चैतात गोठा तितंच घातला, जुन्या घरातनं म्हशी वर आणल्या." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला दिसलं न्हाय, तितं माझी काय कथा? चूक कुणाचीच न्हाय."

माणूस मला धीर देत होता. मला फक्त मान हलवून जीपमध्ये बसायचं होतं, एवढं सोपं होतं. ड्रायव्हरने गाडी चालू केली होती.

"दाजी, मला दिसली होती," मी म्हणाले. "अंगठा घालून बघितली होती मी."

शोभाने ती माझ्यापासून लपवायला शेणाने सारवली होती ते मी सांगितलं नाही. ते तिचं तिने सांगायचं. मी वाट बघत होते, की ते ओरडतील, शिवी देतील, काही तरी करतील. त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, जीपचं दार ओढून नीट लागलंय का ते बघितलं, आणि शाळेकडे न जाता वाडीच्या चढाला लागले.